बंदराच्या गावातलं आयुष्य खरंच निवांत असतं का?

प्रश्न असा आहे: 'आम्ही दोघं पुण्यात आयटीत आहोत. मालवण-देवगडसारख्या छोट्या बंदराच्या गावी कायमचं राहायला जायचा विचार आहे. तिथलं रोजचं आयुष्य निवांत असतं ना? ताजी मासळी रोज मिळते का? शिडाची होडी चालवायला शिकता येईल का?'

मी मालवणचा. घर दांडीच्या किनाऱ्यावर, घराणं मासेमारीचं, पोटापाण्याला मात्र शाळेत भूगोल शिकवतो. उत्तर देणार नव्हतो, पण तो 'निवांत' शब्द डोक्यात गेला. माझा मेव्हणा डोंबिवलीला असतो, त्याचाही हाच शब्द. 'भावोजी, तुमचं बरंय, निवांत.' गेली सोळा-सतरा वर्षं ऐकतोय. म्हणून आधी मेव्हण्याची गोष्ट, मग तुमच्या प्रश्नाकडे येतो.

२००८ च्या डिसेंबरची अखेर. मेव्हणा सुट्टीला आला होता आणि त्याला शिडाच्या होडीतून सिंधुदुर्ग किल्ल्यापलीकडे गळ टाकायला जायचं होतं. आमच्या तात्यांकडे, म्हणजे माझ्या थोरल्या काकांकडे, उलांडीची, म्हणजे बाजूला तोलाचं लाकूड बांधलेली, जुनी पात होती. पात म्हणजे छोटी होडी. इंजिन नाही. एक डोलकाठी, एक ठिगळं लावलेलं शीड, दोन वल्ही. तात्या आदल्या रात्री एवढंच बोलले, "साडेपाचाक पाण्यार. वारो काय तुमची वाट बघूचो नाय."

थंडीच्या दिवसांत आमच्याकडे पहाटे मतलई सुटतो, जमिनीवरून समुद्राकडे. त्याच्या पाठीवर होडी बाहेर जाते. ऊन तापलं की तो विरतो. मग तासदोनतास सगळं ठप्प. दुपारी वायव्येकडून खारा वारा चढतो आणि होडीला घरी आणतो. हे मी दरवर्षी फळ्यावर बाण काढून शिकवतो. मालवणात शाळेत न गेलेल्या माणसालाही हे माहीत असतं. फक्त त्याला बाण काढावे लागत नाहीत.

मेव्हणा उठला पावणेआठला. मग चहा. मग घावणे आणि काळ्या वाटाण्याचं सांबार. मग दुसऱ्यांदा चहा. आम्ही किनाऱ्यावर पोचलो तेव्हा सव्वानऊ वाजून गेले होते. तात्या पातीवर बसून विडी ओढत होते. म्हणाले, "वारो गेलो. तुमच्या घावण्यांची वाट बघून गेलो." तरी मेव्हण्याचा चेहरा बघून त्यांनी पात पाण्यात लोटली. मतलईचा शेवटचा घास उरला होता, त्यावर आम्ही कसेबसे किल्ल्याच्या पश्चिमेला पोचलो. दहा-साडेदहाला शीड डोलकाठीला चिकटून मेल्यासारखं लोंबलं.

तिथे खडपं, म्हणजे समुद्रातले खडक, आहेत. पाण्याच्या वर दिसतात ती कमी, खाली दडलेली जास्त. महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर किल्ल्याचं काम सुरू केलं, ते या खडपांच्या भरवशावरच. वाट ठाऊक नसलेलं जहाज तटापर्यंत धड पोचायचं नाही. वाट ठाऊक असलेली पातसुद्धा वारा नसताना नुसती लाटेवर सोडून चालत नाही. तात्यांनी नांगर टाकला, शीड उतरवलं, अंगावर घेतलं आणि झोपले.

हो, झोपले. चक्क घोरायला लागले.

मेव्हण्याची अवस्था बघण्यासारखी होती. खाली पाणी संथ हेलकावे घेत होतं आणि अशा हेलकाव्यांनी माणसाला बोट लागते. अर्ध्या तासात सगळे घावणे समुद्राला अर्पण झाले. पिण्याचं पाणी एकच बाटली, तीही त्यानेच संपवली. लांबून बंदर आणि किल्ल्यामध्ये पर्यटकांच्या होड्या ये-जा करत होत्या. याने शर्ट काढून हलवला. पर्यटकांनीही हात हलवले, एकाने तर फोटो काढला. मग याने मोबाइलवरून बहिणीला, म्हणजे माझ्या बायकोला, फोन लावला. ती म्हणाली, "तात्या सोबत आहेत ना? मग झोप जरा."

मी वल्हवायचा प्रयत्न केला. पंधरा मिनिटांत हाताला फोड आले. तात्यांनी शिडाखालून एक डोळा उघडला आणि म्हणाले, "पुस्तकातलो वारो शिकयतस, आणि खरो वारो तुका दिसणा नाय?" पुन्हा झोपले.

एकच्या सुमारास वायव्येला पाण्यावर एक काळपट पट्टा दिसला. कुणी हाक मारली नाही, तरी तात्या उठून बसले. पट्टा आमच्यापर्यंत यायच्या आत त्यांनी शीड चढवलं, नांगर ओढला, दोराचं टोक पायाच्या अंगठ्यात धरलं आणि वल्ह्याचं सुकाणू केलं. पुढची वीस-पंचवीस मिनिटं होडी अशी धावली की मेव्हण्याला उलटी करायलाही सवड मिळाली नाही. दांडीच्या वाळूत उतरल्यावर त्याने पहिलं वाक्य उच्चारलं, "इंजिन असतं तर एवढं झालं नसतं."

हे वाक्य त्याने पुढे प्रत्येक लग्नात, बारशात, एकदा तर तेराव्याच्या पंगतीतही सांगितलंय. त्याच्या गोष्टीत आम्ही समुद्रात 'अडकलो' होतो आणि आमचे काका हट्टी होते. माझं म्हणणं एवढंच की आम्ही अडकलो नव्हतो, उशिरा निघालो होतो. वेळ पाळायची वाऱ्याची. तुमच्या सुट्टीची, चहाची, कंपनीच्या कॉलची नव्हे. हे ज्याला पटत नाही त्याने बंदराच्या गावात चार दिवस यावं, बांगड्याचं तिखलं खावं आणि परत जावं.

आता तुमचे प्रश्न.

निवांत? गावात घाई दिसत नाही हे खरं, कारण घाई पहाटे चारला होऊन गेलेली असते. तुम्ही उठता तेव्हा रापणीवाले, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारे, जाळं ओढून, वाटे करून घरी पोचलेले असतात. दहाला पारावर बसलेला माणूस बघून त्याला रिकामटेकडा म्हणू नका. मेव्हणा म्हणतो.

ताजी मासळी रोज? नाही. जून-जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, त्या दिवसांत सुकट, गोलमा आणि खारवलेले बांगडे यांच्यावर प्रेम करायला शिकावं लागतं. नारळी पौर्णिमेला धक्क्यावर नारळ लढवायची झुंबड उडते, त्यानंतर खरा हंगाम. पण हंगामातसुद्धा चांगली सुरमई आधी हॉटेलवाला उचलतो. आमच्या घरात तारली, पेडवे, जे आलं ते शिजतं. रोज सुरमई-पापलेटच हवं असेल तर पुण्यातच राहा, तिथे जास्त मिळतं. तसं होण्याचं कारण पर्ससीनवाले, म्हणजे मोठ्या गोल जाळ्यांचे बोटवाले, की पर्यटन, यावर मी इथे तोंड उघडत नाही. उघडलं तर हे उत्तर संपायचं नाही.

पावसाळ्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं. किल्ल्याची होडी बंद. वीज जाते, येते, जाते. मे २०२१ च्या तौक्ते वादळात तर माडांबरोबर विजेचे खांबही आडवे झाले आणि मोबाइल चार्ज करायला माणसं जनरेटरवाल्याच्या दारात बसली होती. कपाटातल्या पट्ट्याला बुरशी, कुलपाला गंज. खाऱ्या हवेत तुमचे लॅपटॉप किती टिकतील ते तुमचं नशीब. दुखणं मोठं असेल तर ओरोसचं जिल्ह्याचं इस्पितळ, त्याहून मोठं असेल तर थेट गोव्यात बांबोळीचं मोठं सरकारी इस्पितळ. रात्री दोनला हा रस्ता कसा वाटतो ते माझ्या बायकोला विचारा.

शीड शिकायचं असेल तर खरं सांगतो, रोज शीड लावणारी माणसं आता बोटांवर मोजण्याएवढी. छोट्या होड्यांनाही मागे आऊटबोर्ड इंजिन लटकतं. एखादा म्हातारा गाठा. तो पहिला हंगाम तुम्हाला नुसतं वल्हवायला लावेल, दुसऱ्या हंगामात कदाचित दोर हातात देईल. हे जमणार नसेल तर मुंबईत किंवा गोव्यात रीतसर वर्ग असतात, तिथे शिका. आणि डिसेंबर ते फेब्रुवारीतच शिका. मे संपत आला की लाट फिरते, तेव्हा हौसेच्या माणसाने पाण्याकडे किनाऱ्यावरूनच बघावं.

लाइफ जॅकेट घालाच. तात्यांनी जन्मात घातलं नाही, ही काही त्यांची थोरवी नाही. ११ नोव्हेंबर २००९ च्या फयान वादळानंतर याच किनाऱ्यावर किती घरं दाराकडे डोळे लावून बसली होती ते मी पाहिलंय. झोपणारे तात्या सगळ्यांकडे नसतात, आणि तात्याही मेव्हण्याच्या त्या सफरीत किनाऱ्यापासून फार लांब नव्हते, म्हणून झोपले.

आणखी एक कबूल करायला हवं. घावण्यांचा बेत माझाच होता. मेव्हण्याला सातलाच उठवायला बायको निघाली होती, तिला 'झोपू दे, पाहुणा आहे' म्हणून मीच थांबवलं. दुसऱ्यांदा चहाही मीच मागितला. लग्नाच्या पंगतीत मी हे सांगत नाही.

तात्या २०१५ साली गेले. शीड घरात माळ्यावर आहे, उंदरांनी एक कोपरा खाल्लाय. पातीला मी पुढच्याच वर्षी छोटं इंजिन बसवलं, कारण शाळा अकराची आणि मतलईवर गेलो तर दुपार झाल्याशिवाय परत येता येत नाही. मेव्हण्याला हे अजून कळलेलं नाही. या डिसेंबरात तो पुन्हा येतोय. इंजिन काढून पडवीत गोणपाटाखाली ठेवायला दोन माणसं लागतात, एक मी, दुसऱ्याशी बोलून ठेवलंय.