पॅच क्लॅम्पमधला क्लॅम्प नेमका कशाला लागतो?

जीवशास्त्राचं भाषांतर करणाऱ्या एका वाचकाने विचारलंय: 'पॅच क्लॅम्प'ला (पेशीच्या पटलातून वाहणारी विजेची बारीकशी धारा मोजायच्या तंत्राला) 'पेशी-चिमटा' म्हटलं तर चालेल का?

शब्द झकास आहे, पण चित्र चुकीचं उभं राहतं. इथे पेशीला चिमटा लावतच नाहीत. टोकाला जेमतेम एक मायक्रोमीटरचं भोक असलेली काचेची नळी पेशीच्या पटलाला टेकवायची आणि हवा हलकेच ओढायची. पुष्कळदा चक्क तोंडाने, स्ट्रॉने उसाचा रस प्यावा तशी. पटल काचेला असं चिकटतं की मधल्या फटीचा रोध अब्ज ओहमच्या वर जातो. मग पटलातली एकच आयनवाट (आयन, म्हणजे विद्युतभारित कण, ये-जा करतात ते सूक्ष्म दार) उघडली, तरी तिची काही पिकोअँपिअरची धारा पडद्यावर पायरीसारखी उमटते.

मग क्लॅम्प कसला? तर विभवाचा, म्हणजे व्होल्टेजचा. हा शब्द जुन्या 'व्होल्टेज क्लॅम्प'मधून आला. हॉजकिन आणि हक्स्ली या शास्त्रज्ञांनी त्याच पद्धतीने स्क्विडच्या, म्हणजे आपल्या म्हाकुळाच्या भाऊबंदाच्या, जाडजूड चेतातंतूतली धारा मोजली आणि १९५२ साली ते काम छापलं. मराठीत याला अगदी बसणारं क्रियापद आहे: बांधून देणे. सरकार भाव बांधून देतं आणि मग बाजारात माल किती येतो ते कळतं. तसा इथे विभव बांधून द्यायचा आणि धारा किती वाहते ते मोजायचं. म्हणून 'विभवबंधन'.

'पॅच'चं काय? शब्दकोश 'ठिगळ' सुचवेल. पण ठिगळ बाहेरून आणून लावतात. हा तर पटलाचाच, नळीच्या तोंडाखाली आलेला तुकडा. मला 'टिकली' आवडतो, पण 'टिकली-विभवबंधन' कोणी गंभीरपणे वाचणार नाही. त्यापेक्षा 'पॅच क्लॅम्प'च ठेवा आणि पहिल्या उल्लेखात 'पटलाच्या तुकड्याचं विभवबंधन' असं एकदा उलगडून सांगा.

जाता जाता: हिंदी मजकूर समोर ठेवून भाषांतर करत असाल तर सांभाळा. आपली पेशी हिंदीत कोशिका होते आणि हिंदीतली पेशी म्हणजे आपला स्नायू. नेहर आणि झाकमान या पॅच क्लॅम्पच्या जनकांनी १९७६ साली एकेका आयनवाटेची धारा पहिल्यांदा टिपली ती बेडकाच्या स्नायुतंतूवर (नोबेल १९९१). स्नायुतंतू ही स्नायूची पेशीच, म्हणून तेवढ्या एका वाक्यात मात्र 'बेडकाची पेशी' दोन्ही भाषांत खपून जाईल.