एअर फिल्टर: धुवायचा कुठला, हात लावायचा नाही कुठला

पावसाळा सरला आणि घोडबंदर रोडवर मेट्रोच्या कामाची धूळ परत उडू लागली, की वागळे इस्टेटमधल्या माझ्या वर्कशॉपमध्ये रोज कुणी ना कुणी हातात गाडीच्या इंजिनचा एअर फिल्टर घेऊन उभा असतो. घोटाळा दरवर्षी एकच. बाजारात तीन जातीचे फिल्टर आहेत आणि व्हिडिओ पाहून तिघांनाही एकच न्याय लावला जातो. कंपनीतून गाडीत येतो तो बहुधा कागदी, आणि तो कधीच धुवायचा नसतो. जाळीत बसवलेला, तेल लावलेला कापडी फिल्टर धुता येतो. तिसरा कोरडा सिंथेटिक. त्याच्या खोक्यावर धुण्यायोग्य असं लिहिलेलं असेल तरच तो धुवावा आणि त्याला तेल अजिबात लावू नये. आपला कुठला हे आधी ठरवा, मग बादली भरा.

कागदी फिल्टर साबणाच्या पाण्यात धुतला. अगदी पांढरा निघाला. परत बसवू का? (कासारवडवली)

नाही, नवा घ्या. पाण्याने कागद फुगतो, त्याची छिद्रं आणि चुण्या पूर्वीसारख्या राहत नाहीत.

कापडी, पुन्हा वापरायचा फिल्टर आहे. घरी धुण्याची नेमकी पद्धत काय? (ऐरोली)

इंजिन थंड असताना फिल्टरच्या बॉक्सच्या क्लिपा उघडा. फिल्टर काढलात की बॉक्सचं तोंड स्वच्छ फडक्याने झाका, नाहीतर झाडाचं पान, स्क्रू काहीही आत जातं. बॉक्सच्या तळाशी साचलेली माती ओल्या कपड्याने पुसा. फिल्टर हलक्या हाताने झटका, त्याच्याच कंपनीचं क्लीनर दोन्ही बाजूंनी मारा आणि साधारण 10 मिनिटं थांबा. क्लीनर त्यावर वाळू देऊ नका. मग नळाची बारीक धार धरा, स्वच्छ (इंजिनकडच्या) बाजूकडून मळक्या बाजूकडे. उलट धरलीत तर माती कापडात आत रुतते. प्रेशर वॉशर नको. पेट्रोल किंवा रॉकेलही नको, त्याने कडेचं रबर खराब होतं.

खरी घाई होते ती वाळवताना. हेअर ड्रायर नको, गॅसजवळ ठेवणं नको, हवेची गनही नको. सावलीत उभा करून ठेवा. आपल्याकडच्या दमट हवेत एक रात्र पुरेलच असं नाही, म्हणून हे काम जुलै-ऑगस्टमध्ये काढूच नका. पूर्ण वाळल्यावर प्रत्येक चुणीवर फिल्टर ऑइलची एकच बारीक रेघ ओढा, 20 मिनिटं थांबा आणि पांढरे राहिलेले ठिपके तेवढे भरा. इंजिन ऑइल किंवा खोबरेल चालणार नाही. पहिल्यांदा करत असाल तर एकदा जाणत्या मेकॅनिकसमोर करा.

सीएनजी गाडीला वेगळा फिल्टर लागतो का? (खारघर)

बहुतेक गाड्यांत तोच असतो. मॅन्युअल पाहा.

फिल्टर धुऊन तेल लावलं, दुसऱ्या दिवशी चेक इंजिनचा दिवा लागला. आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी असताना, इंजिनचा वेग खालीवर होतो. दुकानदार म्हणाला आपोआप जाईल. दोन महिने झाले. (नेरूळ)

दोन महिने का थांबलात? तेल जास्त झालं असण्याची शक्यता मोठी आहे. तुमच्या गाडीत हवा मोजणारा एमएएफ सेन्सर असेल तर त्यातल्या गरम तारेवर तेलाचा थर बसतो, त्यावर धूळ चिकटते आणि इंजिनच्या संगणकाला हवेचं चुकीचं माप मिळतं. तार बोटाने किंवा कापसाने पुसू नका, ती केसासारखी नाजूक असते. कार्बोरेटर क्लीनरही मारू नका, एमएएफचा वेगळा स्प्रे येतो. पण त्याआधी स्कॅनर लावून कोड वाचून घ्या, कारण असाच दिवा दुसऱ्या बिघाडानेही लागतो. हे या आठवड्यात करा.

महागडा फिल्टर बसवला की अॅव्हरेज 3-4 किलोमीटरने वाढतं म्हणतात. खरं का? (कळवा)

म्हणणाऱ्याला लेखी मागा. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने 2009 साली हे तपासलं होतं. इंजेक्शनच्या आधुनिक पेट्रोल गाड्यांत तुंबलेला फिल्टर बदलूनही अॅव्हरेजमध्ये लक्षणीय फरक पडला नाही, पिकअप, म्हणजे वेग पकडणं, मात्र सुधारला. कारण साधं आहे: हवा कमी आली की संगणक पेट्रोलही त्या मापात कमी सोडतो. अॅव्हरेज खरंच घसरलं असेल तर टायरमधली हवा, ब्रेक आणि प्लग आधी तपासून घ्या. गाडी वॉरंटीत असेल तर असा फिल्टर बसवण्यापूर्वी सर्व्हिस सेंटरकडून लेखी उत्तर घ्या.

माझी डिझेल पिकअप तुर्भे मार्केटला रोज जाते. ड्रायव्हर दर रविवारी कागदी फिल्टर काढून गनने हवा मारतो. चांगली सवय ना? (कोपरखैरणे)

नाही. ही सवय आजच थांबवा. सगळ्यात जास्त इंजिनं मी याच काळजीपोटी खराब झालेली पाहिली आहेत.

फिल्टरचं काम हवा सोडणं एवढंच असतं तर तो बसवलाच नसता. त्याचं काम धूळ अडवणं आहे. 1 लिटर पेट्रोल जाळायला साधारण 9,000 लिटर हवा लागते आणि डिझेल इंजिन तर त्याहून जास्त ओढतं. ती हवा ठाणे-बेलापूर रस्त्यावरची, डंपरच्या मागची. त्या धुळीत सिलिका असते, ती लोखंडालाही ओरखडते. माणसाचा केस सुमारे 70 मायक्रॉन जाडीचा. सिलिंडर घासतात ते कण 10-20 मायक्रॉनचे. फिल्टरला पडलेलं भोक डोळ्याला दिसलं नाही तरी त्यांना पुरतं.

गॅरेजच्या कॉम्प्रेसरचा दाब 100 पीएसआयच्या आसपास किंवा वर असतो. गन जवळ धरली की चुणीच्या दुमडीवर कागद फाटतो. शिवाय कागदावर बसलेला धुळीचा पातळ थर स्वतःच गाळणी होतो. थोडा मळलेला फिल्टर कोऱ्या फिल्टरपेक्षा बारीक धूळ अडवतो. तो थर तुम्ही दर रविवारी उडवता आणि बॉक्स 52 वेळा उघडता. त्यात एकदा जरी कडेचं रबर दुमडलं गेलं तर हवा फिल्टरला वळसा घालून आत जाते.

मागच्या वर्षी अशीच एक पिकअप आली होती, निळा धूर सोडत आणि ऑइल खात. फिल्टर चकचकीत होता. अंधारात त्याच्या आत टॉर्च धरला तर चुण्यांच्या दुमडीवर टाचणीएवढे उजेडाचे ठिपके ओळीने दिसले. टर्बोच्या पंख्याच्या पात्यांच्या कडा झिजून बोथट झाल्या होत्या. इंजिन उतरवावं लागलं. त्या खर्चात किती नवे फिल्टर आले असते, हे मालकाने माझ्यासमोर बोटांवर मोजलं.

मॅन्युअलमध्ये साफ करायला सांगितलं असेल तर तेवढ्याच किलोमीटरला, सर्व्हिसिंगच्या वेळी, कमी दाबाने, स्वच्छ बाजूकडून. तुमचा वापर धुळीतला आहे, म्हणून फिल्टर मॅन्युअलपेक्षा लवकर बदला, साफ करत बसू नका. आणि या आठवड्यात एक करा: इंजिन बंद आणि थंड असताना फिल्टरपासून इंजिनकडे जाणाऱ्या पाइपमध्ये पांढरा रुमाल बोटाला गुंडाळून फिरवा. रुमालावर करकरणारी माती आली तर गाडी चालवणं थांबवून चांगल्या डिझेल मेकॅनिकला दाखवा.

एसीला वास येतो. हाच फिल्टर का? (घणसोली)

नाही. तो केबिन फिल्टर, बहुधा ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो.

पावसात साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली. फिल्टर ओला झाला. वाळवून स्टार्ट करू का? (दिवा)

चावी फिरवू नका, धक्का मारूनही नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. फिल्टर ओला म्हणजे पाणी त्या उंचीपर्यंत आलं होतं. बॅटरीची तार काढा, गाडी उचलून न्या आणि प्लग किंवा इंजेक्टर काढून आत पाणी आहे का ते मेकॅनिककडून पाहून घ्या. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा आणि पाण्यात उभ्या गाडीचे फोटो काढून ठेवा.