पक्षनिष्ठा, पक्षीय ओळख की नुसता 'चा'?

प्रश्न राज्यशास्त्राच्या एका विद्यार्थिनीचा आहे. 'पार्टी आयडेंटिफिकेशन' (म्हणजे मतदाराला एखादा पक्ष आपला वाटणं) या संज्ञेसाठी तिच्या नोट्समध्ये 'पक्षनिष्ठा' दिलंय, तर मैत्रिणीच्या नोट्समध्ये 'पक्षीय ओळख'. यातलं बरोबर कोणतं? त्याला जोडून दुसरा प्रश्न. तिचे पेणचे आजोबा 'आमचं घर शेकापचं' (शेतकरी कामगार पक्षाचं) असं म्हणतात, पण घरात पक्षाचं सदस्यत्व कधीच कुणी घेतलेलं नाही. मग हा 'चं' कसला? आणि जाता जाता तिसरा: 'भाजप' लिहावं की 'भाजपा'?

माझ्या मते पहिल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यातच आहे. पण आधी 'पक्षनिष्ठा' का नको ते सांगतो.

निष्ठा हा शब्द मराठी राजकारणात कुणाच्या तोंडी असतो ते बघा. निवडणुका आल्या की बातम्या येतात, 'निष्ठावंतांना डावलून आयारामांना उमेदवारी'. म्हणजे निष्ठा असते कार्यकर्त्याची, पदाधिकाऱ्याची, आमदाराची. ज्याला तिकीट मिळू शकतं किंवा ज्याचं तिकीट कापलं जाऊ शकतं, त्याचा हा शब्द. ती मोडली की त्याला पक्षांतर म्हणतात आणि त्याला शिक्षाही आहे. १९६७ साली हरियाणात गया लाल नावाच्या आमदारांनी इतक्या झटपट उड्या मारल्या की 'आयाराम गयाराम' हा वाक्प्रचारच देशाला मिळाला. तरी कायदा व्हायला १९८५ उजाडलं. त्या वर्षीच्या ५२ व्या घटनादुरुस्तीनं पक्षांतरबंदीचं दहावं परिशिष्ट आलं. गंमत अशी की मूळ राज्यघटनेत राजकीय पक्षांचा उल्लेखच नव्हता. सगळी लोकशाही ज्यांच्या खांद्यावर चालायची, ते घटनेत शिरले ते फुटिरांना आवर घालण्याच्या निमित्तानं.

पक्षप्रवेश, पक्षत्याग, पक्षादेश, पक्षशिस्त हे सगळे शब्द आतल्या माणसांचे आहेत. सभागृहात आमदारांना पक्षाच्या बाजूनं मत द्यायला लावणारा प्रतोदही तसाच. संस्कृतात प्रतोद म्हणजे गुरं हाकायची पराणी, आणि काम तेच. मतदाराला मात्र प्रतोद नसतो. त्यानं गेल्या वेळी काँग्रेसच्या बैलजोडीला मत दिलं आणि या वेळी जनसंघाच्या पणतीला दिलं, तर त्याला कुणी 'पक्षांतर केलं' म्हणत नाही. फार तर 'गाव फिरलं' म्हणतात. म्हणून मतदाराला निष्ठा चिकटवली की त्यानं कुठे शपथ घेतली होती असा वास येतो.

'पक्षीय ओळख' मला त्याहून अवघड वाटतं. मराठीत 'ओळख' म्हणजे आधी परिचय. 'पक्षाची ओळख' म्हटलं की पहिल्या पानावर स्थापना आणि शेवटच्या पानावर पदाधिकाऱ्यांची यादी असलेली पुस्तिका डोळ्यांसमोर येते. इंग्रजीतल्या आयडेंटिटीला आपण अलीकडे ओळख म्हणू लागलो आहोत आणि ते रुळेलही, पण या जागी अर्थ पुरता निसटतो.

मूळ संज्ञा रुळली ती अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांमुळे, १९५० च्या दशकात. त्यांच्या पाहणीतला गाजलेला प्रश्न साधारण असा होता: सर्वसाधारणपणे तुम्ही स्वतःला काय समजता, रिपब्लिकन, डेमोक्रॅट, स्वतंत्र की आणखी काही? तुम्ही मत कुणाला देता, हा प्रश्न वेगळा. त्यांच्या हाती आलं ते असं की पुष्कळांचा पक्ष घरातूनच येतो, आईवडिलांकडून, आणि धोरणांचा विचार नंतर त्या चष्म्यातून होतो. एखाद्या वर्षी माणूस दुसऱ्याला मत देऊनही येतो, पण 'मी मूळचा अमक्याचा' हे म्हणणं सोडत नाही.

इंग्रजीत हे नातं नामानं सांगता येतं. अमुक माणूस 'डेमोक्रॅट आहे' म्हटलं की झालं. मराठीत तसं नाम बहुतेक पक्षांना नाही. 'रिपब्लिकन' आहे, ते १९५७ पासून आपल्याकडेही आहे आणि 'आम्ही रिपब्लिकन' हे वाक्य नागपुरात किंवा मुंबईच्या चाळींत बिनदिक्कत चालतं. 'शिवसैनिक' आहे. पण तो पुन्हा कार्यकर्ता झाला. सेनेला मत देणारी प्रत्येक आजी काही स्वतःला शिवसैनिक म्हणवत नाही. मग ती काय म्हणते? 'आम्ही सेनेचे.'

इथे तुमच्या आजोबांचा 'चं' येतो.

मराठीतली षष्ठी नुसती मालकी दाखवत नाही. 'हा कोकणचा', 'ती पाटलांची', 'आम्ही मूळचे साताऱ्याचे' यांत कोण कुणाच्या मालकीचं आहे? कुणीच नाही. माणूस कुठून आला, कुणात मोजायचा, एवढंच ती विभक्ती सांगते. 'घर शेकापचं' मधली षष्ठी त्याच जातीची. तिच्यात वर्गणी नाही, सदस्यत्वाची पावती नाही आणि दर पाच वर्षांनी तपासून पाहायची गरजही नाही. तिला कर्ता म्हणून माणूसही लागत नाही. घर, वाडी, आळी, गाव, काहीही चालतं. आजोबा 'मी' म्हणाले नाहीत, 'घर' म्हणाले, हे मुद्दाम लक्षात घ्या.

या 'चा' चं वजन बघायचं असेल तर 'राष्ट्रवादी' घ्या. १९९९ साली राष्ट्रवादी काँग्रेस पक्ष निघाला आणि वर्षभरात लोकांनी त्याचं नुसतं 'राष्ट्रवादी' केलं. आता 'मी राष्ट्रवादी आहे' आणि 'मी राष्ट्रवादीचा आहे' ही दोन वाक्यं शेजारी ठेवा. पहिल्यात विचार आहे, दुसऱ्यात माणसं आहेत. पहिलं म्हणणारा दुसऱ्याच पक्षाचा असण्याची शक्यताही बरीच! 'समाजवादी' आणि 'समाजवाद्यांचा' यांतही हाच फरक.

'वाला' थोडा वेगळा वागतो. काँग्रेसवाले, संघवाले, लाल बावटेवाले. हा प्रत्यय बहुधा दुसऱ्यांना लावतात आणि त्यात किंचित हात झटकल्यासारखं असतं. स्वतःला लावला तर जरा छाती काढून: 'आपण समितीवाले!' काँग्रेसनं स्वतःसाठी 'काँग्रेसजन' असा भारदस्त शब्द काढला होता, तो ठरावांत आणि श्रद्धांजलीच्या मजकुरात राहिला.

पण 'चा' लागतो कधी? पक्ष निघाला, जाहीरनामा छापला, म्हणून घरंच्या घरं त्याची होत नाहीत. पेण-अलिबागचंच उदाहरण घ्या. शेतकरी कामगार पक्ष १९४७-४८ चा. पण कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यात त्याआधीच खोतांविरुद्ध कुळांचा, अलिबागजवळच्या चरी गावचा संप झाला होता. १९३३ ला सुरू झालेला हा संप नारायण नागू पाटलांच्या पुढारीपणाखाली सहा वर्षांच्या आसपास चालला. शेतं ओस ठेवून माणसं रानातल्या लाकूडफाट्यावर जगली. एवढं सोसल्यावर गावात 'आपले कोण, खोताचे कोण' हे ठरायला कुठला पक्ष लागत नाही. पुढे पक्ष आला आणि त्या आधीच पडलेल्या रेषेवर त्याचा लाल बावटा रोवला गेला. आजोबांचा 'चं' कदाचित पक्षापेक्षा जुना असेल, असं मी म्हणतो ते याचसाठी. दलित वस्त्यांतही तसंच झालं. स्वतंत्र मजूर पक्ष, मग शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन, मग रिपब्लिकन. नावं तीन झाली, गट तर मोजता येऊ नयेत इतके पडले, पण 'आम्ही बाबासाहेबांचे' मधली षष्ठी हलली नाही.

याचा सगळ्यात लख्ख पुरावा मला गोव्यात दिसतो. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष, म्हणजे मगो. नावातच गोव्याचं महाराष्ट्रात विलीनीकरण. १९६३ च्या पहिल्या निवडणुकीनंतर भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. मग १६ जानेवारी १९६७ ला जनमत कौल झाला. विलीनीकरणाला फूल आणि वेगळं राहायला दोन पानं, अशी चिन्हं होती. दोन पानं सुमारे ३४ हजार मतांनी जिंकली. ज्या एका मुद्द्यासाठी पक्ष निघाला तो मुद्दाच मतपेटीत हरला. नियमानं पक्षानं दुकान बंद करायला हवं होतं. पण मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली आणि पुन्हा मगोच निवडून आला, पुन्हा भाऊसाहेबच मुख्यमंत्री. म्हणजे पुष्कळ घरांनी विलीनीकरण नको म्हटलं आणि मगोच्या सिंह या चिन्हावर मत मात्र दिलं. कारण 'मगोचे' असण्याचा अर्थ त्यांच्यापुरता वेगळा होता: भाटकारासमोर (जमीनदारासमोर) मुंडकाराची (त्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याची) बाजू, बहुजनांच्या पोरांना गावात शाळा. पक्षाच्या नावात काय आहे आणि मतदाराच्या 'चा' मध्ये काय आहे, यांचा मेळ बसलाच पाहिजे असं नाही.

याउलट संयुक्त महाराष्ट्र समिती. १९५६ ची स्थापना, १९५७ ला पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण, आणि १९६० ला राज्य मिळाल्यावर १९६२ च्या निवडणुकीत काँग्रेसच्या २६४ पैकी २१५ जागा. 'आम्ही समितीचे' हे वाक्य इकडे पाच-सहा वर्षांत संपलं. बेळगावात ते आजही ऐकू येतं, महाराष्ट्र एकीकरण समितीसाठी. मुद्दा सुटला तिथे 'चा' गळून पडला, नाही सुटला तिथे टिकला. (शिवसेना, समिती, फेडरेशन. आपल्याकडे जिव्हाळा लागलेल्या किती संघटनांच्या नावात 'पक्ष' हा शब्दच नाही, यावर कुणीतरी सवडीनं लिहावं.)

'पक्ष' या शब्दाबद्दल थोडक्यात. पंख, बाजू, महिन्याचा अर्धा भाग, वादातली एक भूमिका, असे त्याचे जुने अर्थ. पूर्वपक्ष-उत्तरपक्ष, वरपक्ष-वधूपक्ष, कोर्टातले पक्षकार आणि शरीराची एक बाजू लुळी पाडणारा पक्षाघात, हे सगळे इथलेच. म्हणजे पक्ष म्हटला की दुसरा पक्ष गृहीत आहे. राजकारणात तो आपल्याकडे जहाल-मवाळांच्या काळात चांगला रुळला. मवाळ पक्ष आणि जहाल पक्ष, ज्यांची १९०७ ला सुरतेत ताटातूट झाली, त्यांना आजच्यासारखं कार्यालय-चिन्ह नव्हतं. ते बाजू या अर्थानंच पक्ष होते. हिंदीनं 'दल' पसंत केलं. मराठी कानाला दल म्हणजे गणवेश: पोलीस दल, अग्निशमन दल, सेवा दल. आणि पितृपक्षात पक्षप्रवेश टाळणारे पुढारी पाहिले की या शब्दाचे दोन्ही अर्थ अजून किती जिवंत आहेत ते कळतं.

आपलेपणाची एक बाजू मात्र शब्दांपेक्षा चित्रांनी बांधली आहे. १९५१-५२ ला पहिल्या निवडणुकीत बहुतेक मतदार निरक्षर होते, म्हणून चिन्हं आली. तेव्हा तर प्रत्येक उमेदवाराची पेटीच वेगळी असे, तिच्यावर चित्र चिकटवलेलं, आणि मतपत्रिका आपल्या पेटीत टाकायची. शिक्का मारणं नंतरचं, बटण त्याच्याही नंतरचं. पण क्रियापद कुठलंही असो, घरातली सूचना चिन्हाच्याच नावानं होते. ही सूचना किती नाजूक असते ते २०२४ च्या लोकसभेला साताऱ्यात दिसलं. शरद पवारांच्या पक्षाला 'तुतारी वाजवणारा माणूस' हे नवं चिन्ह मिळालं होतं. अपक्षांसाठीच्या यादीत ट्रम्पेट होतं, म्हणजे आपण जिला पिपाणी म्हणतो ती. तिचंही मराठी नाव यादीत 'तुतारी' असं दिलं गेलं. साताऱ्यात पक्षाचा उमेदवार ३२ हजारांच्या आसपास मतांनी पडला आणि पिपाणीवाल्या अपक्षाला ३७ हजारांवर मतं पडली. ती सगळी चुकूनच पडली असं कुणी सिद्ध करू शकणार नाही. पण भाषांतर करणाऱ्यानं मिरवणुकीतली तुतारी एकदा पाहिली असती तर हा वाद उद्भवला नसता, एवढं मी म्हणेन.

तर परीक्षेत काय लिहावं? मी 'पक्षाशी आपलेपणा' किंवा 'पक्षीय आपलेपणा' लिहीन, आणि पहिल्या वेळी शेजारी 'पार्टी आयडेंटिफिकेशन' असं देवनागरीत देईन, म्हणजे तपासणाऱ्याचा घोटाळा होणार नाही. आपलेपणा कमी-जास्त होऊ शकतो, रुसू शकतो, एखाद्या निवडणुकीत घरी बसू शकतो. निष्ठेला ती सवलत नाही. मात्र तुमच्या विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात 'पक्षनिष्ठा' छापलेलं असेल तर गुमान तेच लिहा. गुण महत्त्वाचे. कार्यकर्त्यांबद्दल लिहिताना तर 'पक्षनिष्ठा' हवीच.

राहिला तिसरा प्रश्न. मराठीत भारतीय जनता 'पक्ष' असं म्हटलं तर आद्याक्षरं भा-ज-प, म्हणून बहुतेक वर्तमानपत्रं 'भाजप' लिहितात. पक्ष स्वतः मराठीतही 'पार्टी' लिहितो, म्हणून त्यांचं 'भाजपा'. दोन्हीला आधार आहे, एका लेखात एकच ठेवा. चूक आहे ते 'भाजप पक्ष' आणि 'शेकाप पक्ष', कारण शेवटच्या 'प' मध्ये पक्ष येऊन बसलाच आहे. पण हे आजोबांना सांगू नका.