सुपरवायझर बदलला आणि मुलाची नोकरी गेली

प्रश्न : माझा मुलगा २८ वर्षांचा, बौद्धिक दिव्यांग, माइल्ड. पिंपरीजवळ एका पॅकिंग युनिटमध्ये पाच वर्षं बॉक्स भरायचं, लेबल लावायचं काम करायचा. जुने सुपरवायझर गेले, नवीन साहेबांनी स्कॅनिंगचं मशीन आणलं आणि दोन महिन्यांत ‘स्पीड नाही’ म्हणून काढलं. आता दिवसभर मोबाईल, विषय काढला की चिडतो. दुसरी नोकरी बघू की दिव्यांगांच्या कार्यशाळेत घालू? – एक आई, पुणे जिल्हा

उत्तर : ताई, पाच वर्षं टिकलेला मुलगा दोन महिन्यांत बिनकामाचा होत नाही हो. बऱ्याचदा काम जमत असतं कारण कुणीतरी एक जण नीट दाखवून देत असतो, चुकलं तर ओरडत नाही, आणि तो माणूस गेला की सगळंच बिनसतं. नवीन मशीन त्याला कुणी शिकवलं तरी का?

आधी पैशांचं बघा. सॅलरी स्लिपवर ईएसआय, म्हणजे कामगार विम्याचा हप्ता, कापलेला असेल तर ईएसआयच्या ब्रँच ऑफिसला नोकरी गेल्यावर भत्ता देणाऱ्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेचं विचारा, अटींत बसलं तर ९० दिवसांपर्यंत सरासरी पगाराच्या निम्मे मिळतात. कंपनी आता राजीनाम्यावर सही मागत असेल तर अजिबात करू देऊ नका.

सरकारी नोकरीत २०१६च्या कायद्याने दिव्यांगांना ४ टक्के जागा आहेत, पण त्यातल्या एकाच टक्क्यात बौद्धिक दिव्यांग, ऑटिझम, मानसिक आजार असे सगळे वाटेकरी, त्यामुळे त्या भरवशावर थांबू नका असंच मी सांगेन.

कार्यशाळेत घाला, पण सकाळी उठून आवरून बाहेर पडायची सवय मोडू नये एवढ्यासाठी, कायमचं नको. संस्था निवडताना एकच विचारा, नोकरी लागल्यावर तुमचा माणूस पहिले काही आठवडे त्याच्यासोबत कामावर येणार का? जॉब कोच म्हणतात तो. नुसतं ‘प्लेसमेंट करतो’ म्हणणारे खूप आहेत. इंटरव्ह्यूऐवजी चार दिवस काम करून दाखवू द्या म्हणून मागा, आणि त्याला काय येतं, कसं सांगितलं की कळतं हे एका कागदावर लिहून तिथल्या निदान दोघांना द्या, म्हणजे एक जण बदलून गेला तरी दुसरा असेल.

चिडण्याचं म्हणाल तर त्याला बहुतेक वाटत असणार की आपल्याला शिक्षा झाली. ‘तुझी चूक नव्हती, मशीन नवीन आलं’ असं साध्या शब्दांत सांगा, परत परत सांगावं लागेल. आणि जुन्या कंपनीकडून कामांची नावं लिहिलेलं एक्सपिरियन्स लेटर याच आठवड्यात मागून घ्या, नंतर कुणी दाद देत नाही.