नव्या सुलभकासाठी: पहिल्या भेटींत काय करावे

आपण कोल्हापूरहून गगनबावडा भागातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत गुणवत्ता सुधारणेसाठी सुलभक, म्हणजे कर्मचाऱ्यांना स्वतः सुधारणा करायला मदत करणारी व्यक्ती, म्हणून जाणार, याचा मनापासून आनंद वाटला. पहिल्याच भेटीत तपासणीसूची बाहेर काढू नका, कारण ती दिसताच कर्मचारी आपल्याला तपासनीस समजतात आणि खऱ्या अडचणी सांगत नाहीत. त्याऐवजी बाह्यरुग्ण कक्षाबाहेर बसून, रुग्ण केसपेपरपासून औषधापर्यंत किती वेळा रांगेत उभा राहतो, ते पाहा.

नंतर एकच विषय घ्या. उदाहरणार्थ, नोंदवहीतील उच्च रक्तदाबाच्या मागील 20 रुग्णांपैकी किती जणांचा रक्तदाब 140/90 च्या खाली आला आहे, हे परिचारिकेलाच मोजू द्या. आकडा तिने काढला, तर उपायही बहुधा तीच सुचवते. नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे नोंदी स्वतः भरून देणे. राष्ट्रीय गुणवत्ता मानकांच्या, म्हणजे आरोग्य केंद्रांसाठी शासनाने ठरवलेल्या निकषांच्या, गुणांकनाकडे तूर्त वळू नका.