हेलियमचा मारा आणि टंगस्टन

प्रश्न : टंगस्टन ३४२२ अंश सेल्सिअसला वितळतो, मग संलयन अणुभट्टीत (हलकी अणुकेंद्रके जोडून ऊर्जा मिळवणाऱ्या भट्टीत) हेलियमसारखा निष्क्रिय वायू त्याची हानी कशी करतो?

उत्तर : हेलियम रासायनिक क्रिया करत नाही हे खरे, पण तो धातूत विरघळतही नाही, आणि त्रास तिथूनच सुरू होतो. फ्रान्समध्ये उभारल्या जात असलेल्या ‘इटर’ या प्रायोगिक संलयन अणुभट्टीच्या तळभागातील टंगस्टनला संलयनातून निघालेल्या हेलियमचा मारा सोसावा लागेल. आत शिरलेले अणू स्फटिकजालातील, म्हणजे धातूच्या अणूंच्या नियमित मांडणीतील, रिकाम्या जागांत साचून सूक्ष्म बुडबुडे बनवतात आणि पृष्ठभाग पुरेसा, म्हणजे साधारण हजार अंशांच्या आसपास, तापलेला असेल, तर त्यावर बुरशीसारखी काळी, नॅनोमीटर जाडीच्या तंतूंची लव उगवते. ही लव उष्णता नीट वाहून नेत नाही. शिवाय तिचे कण सुटून प्लाझ्मात, म्हणजे भट्टीतील अतितप्त विद्युतभारित वायूत, मिसळले, तर टंगस्टनचे जड अणू प्रारणाद्वारे त्याची ऊर्जा झपाट्याने घालवतात. माझ्या मते वितळण्याइतकीच ही काळजीही गंभीर आहे.