मोबाईलमधल्या अ‍ॅपने टॉवरचं किंवा वायफायचं रेडिएशन खरंच मोजता येतं का?

नाही, म्हणजे ते ‘रेडिएशन डिटेक्टर’ अ‍ॅप जे दाखवतात ते रेडिएशन नसतंच. फोनमध्ये कंपाससाठी मॅग्नेटोमीटर नावाचा छोटा सेन्सर असतो, अ‍ॅप त्याचंच रीडिंग मायक्रोटेस्लामध्ये, म्हणजे चुंबकीय क्षेत्राच्या एककात, दाखवतं आणि वर लाल-हिरवा काटा लावून देतं. पृथ्वीचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र साधारण 25 ते 65 मायक्रोटेस्ला असतं, त्यामुळे काहीच नसलं तरी आकडा दिसणारच, आणि स्पीकर किंवा लोखंडी कपाटाजवळ नेला की एकदम उडी मारतो, मग लोक उगाच घाबरतात. हा सेन्सर सेकंदाला जेमतेम शंभर-एक वेळा मोजतो आणि वायफायच्या लहरी सेकंदाला 2.4 अब्ज वेळा हेलकावतात, तर तो त्या पकडणार कसा?

सिग्नलचा जोर मात्र फोनला कळतो, बऱ्याच अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये डीबीएम या सिग्नलच्या जोराच्या एककात दिसतो, उणे 50 म्हणजे जोरदार आणि उणे 110 म्हणजे अगदी कमजोर, पण तो फक्त तुमचा फोन ज्या नेटवर्कला जोडलाय त्याचाच, आजूबाजूच्या सगळ्या लहरींची बेरीज नव्हे.

एक गोष्ट मात्र नक्की करून बघा, टीव्हीचा रिमोट सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा, बऱ्याच फोनमध्ये जांभळट ठिपका चमकताना दिसतो. ते इन्फ्रारेड आहे, डोळ्यांना न दिसणारं, आणि तेही इलेक्ट्रोमॅग्नेटिक रेडिएशनच! मला हे अजूनही भारी वाटतं.

घरातलं खरंच मोजायचं असेल तर वेगळं आरएफ मीटर, म्हणजे रेडिओ लहरींचा जोर मोजणारं उपकरण लागतं.